मध्ययुगीन नन-मठाचा कारभार: शिक्का, किल्ल्या आणि जमाखर्च

प्रश्न असा आहे: मध्ययुगातल्या ननांच्या मठात ॲबेसच्या, म्हणजे मठाच्या प्रमुख ननेच्या, हाती खरी सत्ता किती होती? तिला निवडत कोण, पैसा कोण सांभाळत असे, आणि ती चुकली तर तिला जाब कोण विचारत असे?

उत्तर देताना मी मुख्यतः इंग्लंडबद्दल लिहितो, साधारण १२०० ते १५३९ या काळाबद्दल. तिथल्या बिशपांची तपासणीची दप्तरं आणि मठांचे जमाखर्च पुष्कळ उरले आहेत, त्यामुळे अंदाजाने बोलावं लागत नाही. कागदावर ॲबेसचा शब्द अंतिम होता. प्रत्यक्षात मठ चालायचा तीन गोष्टींवर: मठाचा सामाईक शिक्का कुठे ठेवला आहे, पेटीच्या किल्ल्या किती जणींकडे आहेत, आणि वर्षाचा हिशेब सगळ्यांसमोर वाचला जातो की नाही. या तिन्ही गोष्टी एकाच बाईच्या खोलीत गेल्या की मठ काही वर्षांत कर्जात बुडालेला दिसतो. प्रेमप्रकरणं आणि पळून गेलेल्या नना यांच्या गोष्टी लोकांना जास्त आवडतात, पण दप्तरं वाचताना मठ खचण्याचं कारण बहुतेक वेळा जमाखर्चातच सापडतं.

पाया होता बेनेडिक्टचा नियम, सहाव्या शतकातला, ७३ प्रकरणांचा. तो पुरुषांसाठी लिहिलेला. ननांनी तोच थोडेफार शब्द बदलून वापरला. (स्त्रियांसाठी मुद्दाम लिहिलेला नियम त्याआधीही होता. फ्रान्समधल्या आर्लचा बिशप सीझेरियस याने बहिणीच्या मठासाठी तो लिहिला, आणि त्यात आयुष्यभर आवाराबाहेर न पडण्याची सक्त अट होती.) बेनेडिक्टच्या तिसऱ्या प्रकरणात सत्तेची सगळी रचना आली आहे. महत्त्वाचा विषय असेल तर प्रमुखाने सगळ्यांना बोलवायचं, अगदी वयाने सर्वांत लहान असलेल्यांचंही ऐकायचं, कारण देव पुष्कळदा धाकट्याच्या तोंडून बोलतो. ऐकून झाल्यावर निर्णय मात्र प्रमुखाने एकट्याने घ्यायचा. सल्ला सगळ्यांचा, निर्णय एकीचा.

पुढच्या शतकांत चर्चच्या कायद्याने या एकटीच्या निर्णयाला कुंपण घातलं. जमीन विकणं, दीर्घ मुदतीच्या मक्त्याने देणं, दागिने गहाण टाकणं, कुणाला तहहयात शिधा लिहून देणं, यांपैकी काहीही करायचं तर सगळ्या ननांची सभेत संमती हवी आणि दस्तऐवजावर मठाचा सामाईक शिक्का हवा. ही सभा रोज सकाळी भरायची. तिच्या दालनाला चॅप्टर हाऊस म्हणत, कारण सभेच्या सुरुवातीला नियमाचं एक प्रकरण वाचलं जायचं. चुकांची कबुली, शिक्षा, कामाची वाटणी आणि व्यवहाराची संमती हे सगळं त्याच दालनात होई. शिक्का नसलेला करार पुढे कोर्टात टिकवणं अवघड होतं. म्हणून सत्ता कुठे आहे हे पाहायचं तर ॲबेसच्या पदवीकडे न पाहता शिक्क्याच्या पेटीकडे पाहावं.

आता निवडणूक. ही साधी नव्हती, आणि तिच्यात चूक होणं फार सोपं होतं. ॲबेस वारली की आधी तिचं दफन. मग दोन नना मठाच्या आश्रयदात्याकडे जायच्या. राजाच्या मठांत हा आश्रयदाता म्हणजे राजाच. त्याच्याकडून निवडणुकीची लेखी परवानगी आणायची. गादी रिकामी असताना राजाचा अधिकारी मठाच्या जमिनी ताब्यात घ्यायचा आणि तेवढ्या काळाचं उत्पन्न राजाकडे जायचं. त्यामुळे निवडणूक लांबली की नुकसान थेट स्वयंपाकघरापर्यंत पोचायचं. काही मोठ्या मठांनी ठरावीक रक्कम भरून या काळात कारभार आपल्याच हाती ठेवण्याची सनद मिळवली होती.

ठरलेल्या दिवशी पवित्र आत्म्याची प्रार्थना, मग सगळ्या नना सभादालनात. ज्यांना मताचा हक्क नाही त्यांनी बाहेर जावं असा इशारा मोठ्याने द्यायचा. मग रोममध्ये भरलेल्या चर्चच्या १२१५ च्या लॅटरन परिषदेने ठरवलेला नियम वाचायचा. त्यात निवडीचे तीन मार्ग होते. पहिला, सगळ्यांच्या तोंडून एकाच वेळी, आधी काही न ठरवता, एकच नाव येणं. दुसरा, काही विश्वासू व्यक्तींवर निवड सोपवणं. तिसरा, गुप्त मतदान: तीन विश्वासू माणसांनी एकेकीला बाजूला घेऊन तिचं मत विचारायचं, ते लिहून घ्यायचं, सगळी मतं झाली की तिथल्या तिथे जाहीर करायची. बहुमत लागायचंच, पण नियमाचे शब्द होते 'मोठा किंवा अधिक समंजस गट'. भांडणाचं बीज या शब्दांत होतं, कारण हरलेली बाजू आपणच जास्त समंजस असल्याचा दावा करू शकायची. निवडून आलेल्या बाईला संमती विचारायची. ती आधी नकार द्यायची, मग आर्जवांनंतर मान्य करायची. हा रिवाजच होता, आणि कागदपत्रांत तोही नीट नोंदवलेला असतो. त्यानंतर बिशपची मंजुरी, आज्ञापालनाची शपथ, आणि शेवटी गादीवर बसवण्याचा विधी. जमिनींचा ताबा राजाकडून परत मिळायचा तो वेगळाच.

इतक्या पायऱ्यांत एखादी हमखास चुकायची. परवानगी यायच्या आधी सभा झाली, बाहेरचा कुणी आत राहिला, मतं लगेच जाहीर झाली नाहीत, किंवा निवडलेली बाई तीस वर्षांची नव्हती, की बिशप निवडणूक रद्द करू शकायचा. गंमत वाटेल, पण रद्द केल्यावर बिशप पुष्कळदा त्याच बाईला स्वतःच्या अधिकारात नेमायचा. दप्तरात 'निवडणूक रद्द' असं दिसलं की मठात बंड झालं असा अर्थ काढणारे इथे चुकतात. बऱ्याच वेळा तो फक्त कायद्याचा तांत्रिक दोष असतो आणि ननांना हवी तीच बाई गादीवर बसलेली असते.

खरा हस्तक्षेप व्हायचा तेव्हा तो वरून यायचा. बार्किंगचं उदाहरण घ्या. लंडनच्या पूर्वेला थेम्सजवळचा हा मठ सातव्या शतकातला, बिशप एर्कनवाल्ड याने बहीण एथेलबर्ग हिच्यासाठी स्थापन केलेला. ११७० मध्ये राजाच्या सरदारांनी आर्चबिशप थॉमस बेकेट याचा खून केला आणि ११७३ मध्ये राजा दुसरा हेन्री याने प्रायश्चित्त म्हणून बेकेटची बहीण मेरी हिला तिथे ॲबेस केलं. पुढे याच गादीवर हेन्रीची अनौरस मुलगीही बसली. सगळ्यांत माहितीचा तंटा मात्र विल्टनचा, १५२८ सालचा. राजाची पुढे राणी झालेली ॲन बोलिन हिच्या बाजूचे लोक एलेनॉर केरी हिच्यासाठी धडपडत होते. तिच्या वर्तनाबद्दलच्या गोष्टी उघड झाल्यावर राजा आठव्या हेन्रीने तिचं नाव सोडलं, पण दुसऱ्या बाजूची इसाबेल जॉर्डनही नको असं त्याने कळवलं. राजाचा मुख्य मंत्री कार्डिनल वूल्झी याने तरीही इसाबेललाच नेमलं आणि राजाची कडक कानउघाडणी ओढवून घेतली. मठात राहणाऱ्या ननांचं मत या पत्रव्यवहारात जवळजवळ ऐकूच येत नाही.

मोठ्या मठाची ॲबेस म्हणजे मोठी जमीनदार. बार्किंग, शाफ्ट्सबरी, विल्टन आणि विंचेस्टरचं सेंट मेरीज या चार मठांच्या ॲबेस थेट राजाकडून सरंजामी हक्काने जमीन धारण करायच्या. युद्धाला सैनिक पुरवण्याचं बोलावणं त्यांना यायचं. पार्लमेंटमध्ये बसण्याचं यायचं नाही. हे लक्षात ठेवलं नाही तर मोठ्या मठांकडे पाहून सगळ्या मठांबद्दल चुकीचं चित्र उभं राहतं. इंग्लंडमध्ये ननांचे मठ सुमारे १४०, आणि त्यांतले बहुसंख्य लहान व गरीब होते. तिथे ॲबेस नसे, प्रमुख असायची प्रायोरेस (मोठ्या मठात हे ॲबेसच्या खालचं पद), नना दहा-बारा किंवा त्याहून कमी, आणि वर्षाचं उत्पन्न शंभर पौंडांच्या आत. १५३५ च्या सरकारी मोजणीत नॉरफोकमधल्या एखाद्या छोट्या मठाशेजारी लंडनजवळच्या सायन मठाचा आकडा ठेवून पाहा: सायनचं उत्पन्न १,७३१ पौंड, शाफ्ट्सबरीचं १,१६६, बार्किंगचं ८६२.

कारभार खात्यांत वाटलेला असे. ॲबेसनंतर प्रायोरेस आणि उपप्रायोरेस शिस्त पाहायच्या. सॅक्रिस्टकडे मेणबत्त्या, भांडी, वेदीची वस्त्रं. चेंब्रेसकडे कपडे. प्रिसेंट्रिक्सकडे गायन आणि पुस्तकं. आजाऱ्यांची वेगळी, दानधर्माची वेगळी, नवशिक्या मुलींची वेगळी, दाराची वेगळी. यातली महत्त्वाची गोष्ट ही की मोठ्या मठांत प्रत्येक खात्याला स्वतःच्या जमिनी आणि स्वतःचा खंड तोडून दिलेला असायचा. कपड्यांच्या खात्याचं गाव वेगळं, स्वयंपाकाच्या खात्याचं वेगळं. त्याचा फायदा उघड आहे: ॲबेस उधळी निघाली तरी जेवणाचे पैसे तिच्या हाताला लागत नसत. तोटा असा की एक खातं कर्जात आणि शेजारचं शिलकीत, आणि सगळा मठ मिळून कुठे उभा आहे हे एका कागदावर कुणालाच दिसत नसे.

सगळ्यांत अवघड खातं सेलरेसचं, म्हणजे कोठारप्रमुखाचं. बार्किंगच्या सेलरेससाठी इंग्रजीत लिहिलेली कामाची यादी आजही आहे, आणि मध्ययुगीन कारभार समजून घ्यायला त्याहून चांगला कागद मला माहीत नाही. ती यादी सुरूच होते ती थकबाकीपासून: पदावर आल्यावर पहिलं काम म्हणजे कोणत्या खंडकऱ्याकडून आणि वसुली करणाऱ्याकडून किती येणं बाकी आहे ते पाहणं, आणि ते लवकर वसूल होईल असं बघणं. मग विक्रीची जमा: कापलेल्या बैलांची कातडी, आतडी, चरबी, विकलेलं मांस, सगळं तिने स्वतःच्या नावावर जमा दाखवायचं. मगच खरेदी. ननांसाठी वर्षाला २२ चांगले बैल. आणि ती चांगली गृहिणी असेल तर पंधरा दिवसांतून एकदाच बैल कापेल, असंही त्यात लिहिलं आहे.

या आकड्याशी थोडं थांबू. वर्षात पंधरवडे २६. ईस्टरपूर्वीचे उपासाचे चाळीस दिवस वजा केले तर जवळजवळ तीन पंधरवडे गेले, नाताळआधीच्या उपासकाळातून आणखी एक-दोन. उरतात २१-२२. म्हणजे यादीतला आकडा हवेतला नाही. उपासाचं पंचांग समोर ठेवून काढलेला आहे. उपासकाळासाठी वेगळी तरतूद असायचीच: बदाम, तांदूळ, अंजीर, मनुका आणि हेरिंग मासे. यांतला बराच माल समुद्रापलीकडून यायचा, तेव्हा तो वेळेवर घेऊन ठेवावा लागे. पदाधिकारी बायकांना काही पदार्थांचा दुप्पट वाटा मिळायचा, तोही सेलरेसने हिशेबात धरायचा. मठातल्या ननांची संख्या आणि वाट्यांची संख्या त्यामुळे कधीच जुळत नाही. जुन्या हिशेबावरून डोकी मोजणाऱ्या अभ्यासकाची गफलत सगळ्यांत जास्त इथेच होते.

हिशेबाची पद्धतही आजच्या नफातोट्याची नव्हती. वर्ष सुरू व्हायचं २९ सप्टेंबरला, सेंट मायकेलच्या सणाला, सुगी घरात आल्यावर. कागदाच्या वरच्या भागात 'जबाबदारी': मागील बाकी, मग खंड, मक्ते, विक्री, आणि शेवटी किरकोळ जमा. खालच्या भागात 'सुटका': खर्च, पगार, खरेदी, सूट. वरच्यातून खालचं वजा केल्यावर जे उरेल ते हिशेब देणारीने देणं लागतं. म्हणजे हा कागद मठ श्रीमंत आहे की गरीब हे सांगत नाही. एका अधिकारी बाईकडे किती देणं निघतं एवढंच सांगतो. 'मागील बाकी' हा आकडा वर्षानुवर्षं फुगत गेलेला दिसला तर ती शिल्लक समजू नये. ते बुडीत येणं असतं, कुणीही खोडायला न धजावलेलं. चलनाचं गणित लक्षात ठेवावं लागतं: १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड, आणि मार्क म्हणजे १३ शिलिंग ४ पेन्स. काही मठांत ननेला कपड्यांसाठी वर्षाला ६ शिलिंग ८ पेन्स मिळायचे. आकडा विचित्र वाटतो, पण तो नेमका अर्धा मार्क आहे.

हा हिशेब वर्षातून एकदा ॲबेस आणि जाणत्या ननांसमोर वाचायचा, असा बिशपांचा आदेश दप्तरांत पुन्हा पुन्हा येतो. आदेश पुन्हा पुन्हा येतो याचाच अर्थ तो पाळला जात नव्हता. लहान मठांत काय होई, तर प्रायोरेस सगळा खंड स्वतःच घ्यायची, खर्च स्वतःच करायची, आणि हिशेब तोंडीच राहायचा. बाहेरची वसुली पुरुष कारभाऱ्याकडे, कारण नना आवार सोडून गावोगाव फिरू शकत नसत. त्या कारभाऱ्याकडे खंडाची वही गेली आणि ती त्याच्या घरी राहिली की एका पिढीत कुळं कुठली आणि देणं किती, याची आठवणच पुसली जायची.

पैशाची चणचण आली की तीन वाईट उपाय हाताशी होते. जंगल तोडून विकणं. जमीन साठ-सत्तर वर्षांच्या मक्त्याने देऊन आज एकरकमी नजराणा घेणं, म्हणजे पुढच्या दोन पिढ्यांचं उत्पन्न आज खाणं. आणि तिसरा, तहहयात शिधा विकणं. एखाद्या माणसाने आज रोख रक्कम द्यायची आणि मरेपर्यंत मठाने त्याला रोजची भाकरी, बिअर, कधी खोली आणि सरपणही द्यायचं. तो लवकर वारला तर मठाला लाभ. तो नव्वदीपर्यंत जगला तर मठ त्याला पोसत बसणार. राजा आपल्या जुन्या चाकरांना फुकटात असा शिधा लावून द्यायचा, तो ताप वेगळा. राज्याभिषेकानंतर राजघराण्याने स्थापन केलेल्या मठांत एक मुलगी नन म्हणून नेमण्याचाही राजाला हक्क होता, आणि नव्या बिशपलाही आपल्या हद्दीत तसाच. तिच्याबरोबर आलंच तर थोडं काहीतरी यायचं. मुलीच्या प्रवेशासाठी पैसे मागणं हे १२१५ च्या परिषदेने ननांचं नाव घेऊनच निषिद्ध केलं होतं. तरी बिछाना, कपडे आणि 'खुशीने दिलेली भेट' या नावाने रक्कम घेतली जात राहिली. बंदी पाळली तर मठ उपाशी राहतो अशी स्थिती असल्यावर दुसरं काय होणार?

निसर्गाचा तडाखाही हिशेबात उतरायचा. बार्किंगच्या बऱ्याच जमिनी थेम्सकाठी सखल होत्या. चौदाव्या शतकाच्या अखेरीस नदीचे बांध फुटून शेतं पाण्याखाली गेली, आणि पुढे कितीतरी वर्षं मठ करातून सूट मागत राहिला. अशा ठिकाणी ॲबेसच्या गुणांची परीक्षा प्रार्थनेइतकीच बांधबंदिस्तीतही होती.

चुकलेल्या प्रमुखाला जाब विचारायचा बिशप, तपासणीच्या भेटीत. पद्धत ठरलेली होती. आधी तारखेची लेखी सूचना. त्या दिवशी सभादालनात प्रवचन. मग प्रायोरेसने आपल्या निवडीच्या मंजुरीचा कागद, मठाची मूळ सनद आणि मठाच्या स्थितीचा जमाखर्च समोर ठेवायचा. हे झालं की सगळ्यांनी बाहेर, आणि प्रमुखापासून सुरू करून एकेक नन आत. प्रत्येकीची जबानी एकटीची आणि गुप्त. लेखनिक लिहून घ्यायचा. 'सर्व ठीक' एवढंच एखादीने म्हटलं तरी तेही लिहायचं. 'सर्व ठीक' फार जणींनी म्हटलेलं असेल तर सावध व्हावं, कारण आधी ठरवून गप्प राहणं ही मठांची जुनी युक्ती होती.

लिंकनचा बिशप ॲलनविक याच्या पंधराव्या शतकातल्या तपासण्या या बाबतीत अमोल आहेत. १४४१ मध्ये तो थेम्सकाठच्या अँकरविक या छोट्या मठात गेला. तिथली प्रायोरेस क्लेमन्स मेडफर्ड हिच्याविरुद्ध नना बोलल्या: ती रत्नं जडवलेल्या सोन्याच्या अंगठ्या घालते, रेशमी घुंगट घेते, पदावर आल्यापासून तिने एकदाही हिशेब दिलेला नाही, आणि तिच्या काळात सहा नना मठ सोडून गेल्या. यातल्या अंगठ्या आणि रेशीम सगळ्यांच्या लक्षात राहतात. बिशपच्या दृष्टीने गंभीर होतं ते हिशेबाचं. पुढच्याच वर्षी केट्सबीच्या मठात तीच तक्रार, त्यावर मारहाण आणि गहाण टाकलेले दागिने. मग आदेश निघायचे, आणि ते ठरावीक असायचे: वर्षाचा हिशेब द्या, सामाईक शिक्का आणि सनदा तीन कुलपांच्या पेटीत ठेवा, तीन किल्ल्या तिघींकडे, सभेच्या संमतीशिवाय मक्ता देऊ नका, पाहुण्यांना राहू देऊ नका, ननांना एकत्र जेवू द्या, वेगळ्या चुली मांडू नका. हाताबाहेर गेलेल्या मठात बिशप प्रायोरेसच्या जोडीला एखादी सहकारी नन किंवा बाहेरचा धर्मगुरू देखरेखीला नेमायचा. प्रायोरेसला सरळ काढून टाकणं विरळ. राजीनामा घेऊन निवृत्तिवेतन लावणं जास्त.

ॲलनविक भिक्षूंच्या मठांना आदेश लॅटिनमध्ये पाठवायचा, ननांना इंग्रजीत. पंधराव्या शतकात ननांना लॅटिन समजत नसे असा निष्कर्ष यावरून पटकन काढला जातो. रोजच्या प्रार्थना त्या लॅटिनमध्येच गात, तेव्हा शब्द तोंडात होते. करारातलं लॅटिन वाचणं मात्र वेगळं कौशल्य, आणि ते थोड्याच जणींकडे होतं. बार्किंगसारखं वाचणारं घरही होतं. १४०४ मध्ये ॲबेस सिबिल दे फेल्टन हिने मठाला दिलेल्या विधिग्रंथात पुस्तकवाटपाचा विधी आहे. ईस्टरपूर्वीच्या उपासकाळातल्या पहिल्या सोमवारी सभादालनात गालिचा अंथरायचा, वर्षभर बाहेर असलेली सगळी पुस्तकं त्यावर परत मांडायची. ग्रंथपाल नन गेल्या वर्षीची यादी वाचायची: अमकीकडे अमुक पुस्तक. जिने वाचून संपवलं तिने ते गालिच्यावर ठेवायचं. जिचं झालं नाही तिने जमिनीवर पालथं पडून क्षमा मागायची. मग नवीन वर्षाचं पुस्तक प्रत्येकीला. पुस्तकांचाही हिशेब, तोही सगळ्यांसमोर, आणि त्याच दालनात.

आदेश पाळले जात का? १२९८ मध्ये पोप आठवा बोनिफस याने फर्मान काढलं की ननांनी आयुष्यभर आवाराबाहेर पडायचं नाही. १३०० मध्ये लिंकनचा बिशप डॅल्डरबी ते घेऊन मार्किएटच्या मठात गेला, वाचून समजावून सांगितलं आणि निघाला. चार नना त्याच्या मागोमाग बाहेरच्या दारापर्यंत गेल्या, फर्मानाची प्रत त्याच्या पाठीवर फेकली आणि हे आम्ही कधीही पाळणार नाही असं सुनावलं. त्यांना प्रायश्चित्त मिळालं. पण व्यवहार पाहा: खंड वसूल करायला, खटल्याला, आजारी आईला भेटायला कुणीतरी बाहेर जाणारच. फर्मान पूर्ण पाळायचं तर मठाला मोठं उत्पन्न आणि विश्वासू पुरुष नोकर हवेत, आणि छोट्या मठाला दोन्ही परवडत नसत. शेवटी बिशपांनीच मर्यादा घातल्या: परवानगीने, जोडीने, ठरावीक दिवसांसाठी.

पुरुष धर्मगुरूवाचून ननांचं चालत नसे, कारण मिस्सा (चर्चची मुख्य उपासना) आणि पापनिवेदन त्याच्याच हातून. सत्तेची खरी सीमा ही. तरी ही सीमा वेगळ्या तऱ्हेने आखलेले मठही होते. फ्रान्समध्ये फॉन्तेव्रो, ११०१ मध्ये स्थापन झालेला: तिथे पुरुषही राहायचे आणि सगळे ॲबेसच्या आज्ञेत. लंडनजवळचा सायन, १४१५ चा: ६० नना, १३ धर्मगुरू, ४ डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचे), ८ सेवक बंधू, एकूण ८५, ऐहिक कारभार ॲबेसचा, आत्मिक बाबी मुख्य पापनिवेदकाच्या. स्पेनमध्ये बुर्गोसजवळच्या लास वेल्गासची ॲबेस तर अनेक गावांच्या पाद्र्यांवर बिशपसारखा अधिकार चालवायची, आणि तो १८७३ पर्यंत टिकला. १२१० मध्ये पोप तिसरा इनोसंट याला त्या भागातल्या ॲबेसांनी प्रवचन करू नये, ननांची पापनिवेदनं ऐकू नयेत असं लिहावं लागलं; म्हणजे त्या करत होत्या.

आपल्याकडचा धागा गोव्याचा. जुन्या गोव्यातला सांता मोनिका हा ननांचा मठ १६०६ मध्ये आर्चबिशप आलेशु द मेनेझिश याने स्थापन केला, ऑगस्टिनच्या नियमाचा. काळ मध्ययुगानंतरचा, पण हुंड्याच्या रकमा, जमिनी गोळा होणं आणि त्यावरून शहराच्या लोकांशी झगडा, हे सगळं ओळखीचं. तिथे मात्र शेवट हळू आला: १८३४ नंतर पोर्तुगीज सरकारने नव्या मुली घेणं थांबवलं आणि मठ शेवटच्या नना वारेपर्यंत तसाच राहिला.

इंग्लंडमध्ये शेवट झटपट झाला. आठव्या हेन्रीच्या १५३६ च्या कायद्याने वर्षाला २०० पौंडांहून कमी उत्पन्नाचे मठ बंद केले, म्हणजे ननांचे बहुतेक सगळेच. काहींनी पैसे भरून मुदत मिळवली. मोठे मठ पुढच्या तीन वर्षांत 'स्वखुशीने' राजाच्या स्वाधीन झाले. बार्किंगची पाळी नोव्हेंबर १५३९ मध्ये आली. ॲबेस डोरोथी बार्ली आणि तीस नना यांना निवृत्तिवेतन लावलं गेलं. असं स्वाधीनपत्र इतर कोणत्याही जमीनव्यवहारासारखंच वैध करावं लागे: सभादालनात, सगळ्यांच्या नावाने, सामाईक शिक्का उठवून. शिक्क्याचा तो शेवटचा वापर.